चीक, लस आणि लगाम



ज्या व्यासपीठावरून दरवर्षी इतिहासाचे प्राध्यापक आणि ग्रंथकार बोलतात, तेथे कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने उभे राहून गुरांच्या रक्ताविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मलाही प्रथम वाटले. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर संपले. पुढचे वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत, एस. टी.च्या प्रवासात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मी येथे पंडित म्हणून उभा नाही. एका प्रकरणाच्या निमित्ताने मला एक प्रश्न पडला. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवायचे, एवढेच माझे काम आहे.

ते प्रकरण असे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दूध संस्थेत रोजंदारीवर गुरांना लस टोचण्याचे काम करणारा एक कामगार होता. सभासदांच्या गोठ्यांतून हिंडून त्याने लाळ्या-खुरकुताची लस टोचली. पुढे साथ आली. मोठी गुरे बहुतेक वाचली; पण ज्या लहान वासरांना त्याने लस टोचली होती, त्यांतली बरीच आजारी पडली आणि काही दगावली. संस्थेने ठपका ठेवला की, याने लशीत पाणी घातले किंवा ती उन्हात ठेवून नासवली. त्याचे काम बंद झाले. तो आमच्या कचेरीत आला, बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढेच बोलला, "दादा, एकाच बाटलीतली लस मी गाईलाही टोचली आणि तिच्या वासरालाही. गाय राहिली, वासरू गेले. बाटली नासली होती, तर गाय कशी राहिली?"

या प्रश्नाला कामगार कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हते. संस्थेच्या वकिलाजवळ नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते. ते शोधता शोधता मी शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेलो आणि थेट बुळकांडीपाशी जाऊन पोचलो.

बुळकांडी हा शब्द आज तरुण मंडळींना ठाऊकही नसेल. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हा शब्द उच्चारला की गावाचे तोंड उतरत असे. डोळ्यानाकातून पाणी, अंगात ताप, तोंडात चट्टे, मग रक्तमिश्रित हगवण. आणि आठदहा दिवसांत दावणीचा बैल जमिनीवर आडवा. बैल गेला की नांगर गेला, मोट गेली, गाडी गेली. शेतकऱ्याच्या घरात माणूस गेल्यासारखी अवकळा येई. या रोगाचा कहर इतका होता की इंग्रज सरकारने १८६९ साली गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला आणि १८७१ साली त्याचा अहवाल निघाला. त्यानंतर १८८९ साली आपल्या पुण्यातच गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा निघाली. आल्फ्रेड लिंगार्ड हा तिचा पहिला प्रमुख. परंतु साथीचे विष घेऊन भरवस्तीत प्रयोग करणे धोक्याचे. म्हणून १८९३ साली ती हिमालयाच्या कुशीत, कुमाऊँतल्या मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आज इज्जतनगर येथे जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचे मूळ असे पुण्यात आहे.

गुराख्यांना मात्र त्याआधीपासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ज्या जनावराला बुळकांडी होऊन गेली आणि जे तिच्यातून वाचले, त्याला ती पुन्हा होत नाही. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेले नव्हते. ते मेलेल्या गुरांच्या हिशेबातून आलेले होते. इंग्लंडातही गाई पिळणाऱ्या बायकांना असेच एक ज्ञान होते. गाईच्या सडावरचे फोड ज्यांच्या हाताला होऊन गेले, त्यांना देवी निघत नाहीत, असे त्या म्हणत. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली तेच ज्ञान हाती घेऊन देवीची लस सिद्ध केली. ती लस १८०२ साली मुंबईस पोचली, आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानात सर्वांत आधी ती लागू पडली. कष्ट करणाऱ्यांनी आधी पाहिले आणि शास्त्रज्ञांनी मागाहून सिद्ध केले, असे या इतिहासात वारंवार घडले आहे. मी संघटनेचा माणूस असल्यामुळे तेवढे आवर्जून सांगतो.

आता मुद्द्याकडे वळू. वाचलेल्या जनावराच्या अंगात असे काय उरते, की रोग पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही? १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानचा शिबासाबुरो कितासातो या दोघांनी दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प या रोगांच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा उतारा तयार झालेला असतो, आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्याला टोचला तर त्याचेही रक्षण होते. या उताऱ्यालाच पुढे प्रतिपिंडे असे नाव मिळाले. म्हणजे प्रतिकारशक्ती उसनी देता येते, हे सिद्ध झाले.

या शोधाचा कस लागला तो बुळकांडीवर. १८९० नंतरच्या दशकात या रोगाने आफ्रिका खंड धुऊन काढला. ॲबिसिनियात गुरे मेली, नांगर थांबले आणि भीषण दुष्काळ पडला. दक्षिणेकडे कळपांतली शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे मेली. १८९६ साली रॉबर्ट कोख दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे गेला आणि मेलेल्या जनावराचे पित्त टोचून प्रतिकार उत्पन्न करण्याची रीत त्याने काढली. पुढच्याच वर्षी प्लेगच्या अभ्यासासाठी तो मुंबईस आला, तेव्हा मुक्तेश्वरलाही जाऊन आला. पण पित्ताची रीत बेभरवशाची ठरली. मग १८९७-९८ च्या सुमारास त्याचा सहकारी कोले आणि इंग्रज डॉक्टर टर्नर यांनी दुसरी रीत बसवली. जनावराच्या एका बाजूला रोगी रक्त टोचायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला रोगातून वाचलेल्या जनावराचा रक्तरस टोचायचा. रोगी रक्त रोग उत्पन्न करी, रक्तरस त्याला आवर घाली, जनावर थोडे तापून बरे होई आणि पुढे बुळकांडीला दाद देत नसे. मुक्तेश्वरलाही असा रक्तरस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला.

येथे एक विलक्षण गोष्ट नजरेस आली, आणि तीच माझ्या सगळ्या सांगण्याची कळ आहे. नुसता रक्तरस टोचला तर जनावराचे रक्षण होई ते काही आठवडेच. उसनी शक्ती संपली की ते पुन्हा उघडे पडे. रक्तरस कमी पडला तर रोगच वरचढ होई. हे दोन्ही समजण्यासारखे आहे. परंतु रक्तरस जास्त झाला तर? तर जनावराला तापही येत नसे, आणि त्याची स्वतःची टिकाऊ शक्तीही तयार होत नसे. बाहेरून आलेली मदत फार झाली, की घरची तयारी थांबत असे. हे कोडे त्या वेळी कोणालाच उलगडले नाही.

हेच कोडे अमेरिकेत बॉस्टनला थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने नीट मांडले. हा स्मिथ गुरांच्या रोगांचा मोठा जाणकार. गुरांचा तापाचा रोग गोचिडीमुळे पसरतो, हे त्याने व किलबोर्नने १८९३ साली सिद्ध केले होते. १९०९ साली त्याने गिनीपिगांना घटसर्पाचे विष आणि त्याचा उतारा यांचे मिश्रण टोचून पाहिले. दोन्ही बरोबरीने असली की प्राण्यात टिकाऊ शक्ती येई. उतारा वरचढ झाला की ती येत नसे. शरीरात प्रतिपिंडे आधीच पुरेशी असली, तर शरीर स्वतः नवी करीत नाही, असा याचा अर्थ.

पण शरीराला कळते कसे? "पुरे झाले" हे त्याला कोण सांगते?

याचे उत्तर कळण्याआधी, प्रतिपिंडे करणारा कारखाना कुठे आहे आणि तो सुरू कसा होतो, हे कळायला हवे होते. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच एक कल्पना मांडली होती. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकाराच्या जणू खुंट्या असतात. विष जाऊन नेमक्या खुंटीला अडकते. मग पेशी तसल्याच खुंट्या भराभर तयार करते आणि जादा झालेल्या रक्तात सोडून देते. रक्तात सुटलेल्या त्या खुंट्या म्हणजेच प्रतिपिंडे. या खुंट्यांना आज आपण ग्राही म्हणतो. मी माझ्या लोकांना समजावताना ग्राही म्हणजे पेशीचे कान असे सांगतो. पेशी एरवी आंधळी, तिला बाहेरचे जे कळते ते या कानांनी. एर्लिखची कल्पना पुढे पन्नास वर्षे अडगळीत पडली. पण मूळ सूत्र खरे होते.

१९४८ साली स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड फाग्रेउस या बाईंनी दाखविले की, प्रतिपिंडे बनविण्याचे काम प्लाझ्मा पेशी करतात. या पेशी कोठून येतात, याचा माग कोंबड्यांत लागला. ब्रूस ग्लिक नावाच्या अमेरिकन तरुणाने कोंबडीच्या गुदाजवळची एक पिशवी काढून टाकली, तर त्या कोंबड्यांत प्रतिपिंडेच होईनात. हा निबंध एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठविला, आणि १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या मासिकात छापून आला! त्या पिशवीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून या घराण्याच्या पेशींना बी पेशी म्हणतात. गाईला ती पिशवी नसते. वासराच्या आतड्याच्या शेवटच्या भागात ज्या लसिका गाठी असतात, त्यांत बी पेशींची मोठी वाढ होते.

गाईने तर या शास्त्राला एक फार मोठे देणे दिले आहे. जुळी वासरे झाली, त्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असली, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गर्भाशयात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, हे त्याचे कारण. १९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे रे ओवेन याने अशा जुळ्यांचे रक्त तपासले. प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्याच्याही रक्तपेशी मोठेपणी तशाच नांदत होत्या, आणि त्यांच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे करीत नव्हते. जन्माआधी ज्याच्याशी ओळख झाली, त्याला शरीर परका मानीत नाही. या एका निरीक्षणावरून ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेटला विचार सुचला आणि इंग्लंडच्या पीटर मेडावरने तो प्रयोगांनी सिद्ध केला. १९६० साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच बर्नेटने १९५७ साली असे मांडले की, प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच जातीचा ग्राही असतो. शरीरात अशा असंख्य निरनिराळ्या पेशी आधीच तयार असतात. रोगजंतू आला की ज्या पेशीच्या ग्राहीशी त्याचा मेळ बसतो, तीच पेशी जागी होते, वाढते आणि प्रतिपिंडांचा कारखाना होते.

कारखाना सुरू कसा होतो, याचा असा उलगडा झाला. तो बंद कसा होतो, हे राहिले. माझ्या धंद्यात हे मला चांगले ठाऊक आहे की, संप पुकारायला एक सभा पुरते. तो योग्य वेळी मागे घ्यायला सगळी अक्कल लागते. शरीरालाही तीच अक्कल लागते. प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे ओतते. हे अखंड चालू राहिले तर शरीराचा साठा संपेल आणि शेवटी ती शस्त्रे आपल्याच घरावर उलटतील.

१९५९ साली इंग्लंडात रॉडनी पोर्टर याने प्रतिपिंडाचे तुकडे करून पाहिले. वाय या इंग्रजी अक्षरासारखा त्याचा आकार. वरचे दोन हात रोगजंतूला धरतात आणि खाली एक शेपूट असते. हाताचे काम कळले. शेपटीचे काय काम? कॅनडातील निकोलस सिंक्लेअर याने १९६९ साली दाखविले की, प्रतिपिंडाची शेपूट कापून टाकली तर "पुरे झाले" हा निरोप तितका पोचत नाही. म्हणजे निरोप शेपटीत होता! पुढे कळले की बी पेशीच्या अंगावर दोन प्रकारचे कान असतात. एक रोगजंतूला ओळखणारा, तो म्हणतो, "चला." दुसरा प्रतिपिंडाची शेपूट ओळखणारा. रोगजंतूला आधीच प्रतिपिंडे चिकटलेली असली, तर तो जोडगोळा दोन्ही कानांना एकदम धरतो, आणि दोन्ही कान एकत्र ओढले गेले की दुसरा पहिल्याला आवरतो : "थांब, तुझे काम झालेले आहे." १९९४ साली या दुसऱ्या ग्राहीच्या पेशीतल्या टोकावर नेमका कोणता छोटासा भाग हा लगाम ओढतो, तेही सापडले. १९९६ साली हा ग्राही नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांत प्रतिपिंडे गरजेपेक्षा जास्त होऊ लागली. २००७ साली असेही दिसले की हा लगाम प्लाझ्मा पेशींनाही आहे; तो जोराने ओढला तर त्या मरून जातात आणि नव्या पेशींना जागा करून देतात.

मग गाईचे काय? इंग्लंडातील कॉम्पटन येथील पशुआरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९९४ साली गुरांतला याच कुळातला ग्राही वेगळा काढून त्याची रचना वाचली. १९९५ साली त्यांना गुरांत आणखी एक ग्राही सापडला. तो गुरांच्या रक्तातल्या एकाच जातीच्या प्रतिपिंडाची शेपूट धरतो, आणि त्याचे नाते नेहमीच्या कुळाशी नसून भलत्याच कुळाशी निघाले. उंदरावर जे दिसले ते सगळे जसेच्या तसे गाईला लावता येत नाही, हा त्यातला धडा. गाय म्हणजे मोठा उंदीर नव्हे. तिच्या काही प्रतिपिंडांचा रोगजंतूला धरणारा भाग इतर प्राण्यांपेक्षा कितीतरी लांब असतो. दांड्यावर बसवलेल्या मुठीसारखा. तो अडचणीच्या खाचेतही शिरतो. २०१७ साली चार वासरांना एड्सच्या विषाणूचा एक भाग टोचला असता, माणसाच्या शरीराला वर्षानुवर्षांत क्वचित साधणारी प्रतिपिंडे त्यांनी काही आठवड्यांतच करायला आरंभ केला.

हे सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या कामगाराच्या प्रश्नाकडे वळलो. गाय राहिली, वासरू गेले. का? आणि मला आठवला आमच्या घरचा खरवस.

मी आठनऊ वर्षांचा असेन. आमची गाय व्याली. पहिला चीक काढून आईने खरवस केला, वेलची-जायफळ घालून, आणि वाट्या भरभरून आळीत वाटल्या. वासराला दुसऱ्या दिवशी सोडले. चौथ्या दिवशी ते हगवणीने गेले. घरात कोणी तरी म्हणाले, दृष्ट लागली. आईला त्यात काही वावगे वाटले नाही; मलाही नाही. खरवस सर्वांना आवडला होता.

माणसाच्या मुलाला जन्माआधीच आईच्या नाळेतून प्रतिपिंडे मिळतात. वासराला तसे मिळत नाही. गाईच्या वारेतून ती पार होत नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची सगळी शिदोरी चिकात असते. गाय विण्याच्या आधीचे काही आठवडे आपल्या रक्तातली प्रतिपिंडे कासेत साठवीत असते. आणि वासराचे आतडे ती प्रतिपिंडे न पचवता जशीच्या तशी रक्तात घेते. पण हे दार जेमतेम चोवीस तास उघडे असते, आणि दर तासाला ते लोटले जात असते. १८९२ साली एर्लिखने उंदरांत दाखविले होते की दुधातून प्रतिकार पिलाला पोचतो. १९२२ साली त्याच थिओबाल्ड स्मिथने राल्फ लिटल याच्याबरोबर वासरांवर प्रयोग केला : चीक न मिळालेली बहुतेक वासरे थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गाने मेली, आणि चीक पाजलेली जगली. तो निबंध मी जेव्हा वाचला, तेव्हा छप्पन भोगांपेक्षा गोड असलेला तो खरवस माझ्या तोंडात कडू झाला.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. चिकातून आलेली प्रतिपिंडे उसनी असतात. ती दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होत जातात. आता असा काळ कल्पून पाहा की वासराच्या रक्तात आईची प्रतिपिंडे इतकी कमी झाली आहेत की खरा रोग आला तर ती पुरी पडणार नाहीत. पण इतकीही कमी नाहीत की लशीला मोकळी वाट मिळावी. या मधल्या काळात लस टोचली, तर आईची प्रतिपिंडे तिला घेरतात, काही झाकून टाकतात, काही निकामी करतात; आणि शेपटीचा निरोप वासराच्या बी पेशींना जाऊन सांगतो, "थांबा, काम झालेले आहे." पेशी बिचाऱ्या थांबतात. काम मात्र झालेले नसते. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस वासराला साधारण चार महिने झाल्यावर आणि दुसरी महिन्याभराने द्यावी, असा सल्ला असतो. बुळकांडीच्या जुन्या रक्तरसात जे कोडे दिसले होते, तेच हे. तिथे रक्तरस सुईतून जाई, इथे तो चिकातून जातो.

त्या दूध संस्थेने काय केले होते? वर्षअखेरीस टोचणीचा आकडा पुरा व्हावा म्हणून महिन्या-सव्वा महिन्याच्या वासरांनाही लस टोचायला लावली होती. कामगाराने हुकूम पाळला. रजिस्टरात वासरांची वये त्याच्याच हाताने, प्रामाणिकपणे लिहिलेली होती. चौकशीत आम्ही ते रजिस्टर पुढे केले, एका निवृत्त पशुवैद्याने येऊन दोन तास सर्व समजावून सांगितले, आणि मी एवढेच विचारले, "ज्या बाटलीने गाय वाचली ती नासकी कशी? आणि या वयाला लस टोचा, असे लिहून कोणी दिले?" ठपका मागे घेतला गेला. मोठा विजय झाला, असे मी सांगणार नाही. बुडालेल्या मजुरीतली निम्मीच मिळाली आणि कायम नोकरी त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. पण गावात चोर म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणे थांबले. पुढे तो घरोघर जाऊन लोकांना एकच गोष्ट सांगत असे : पहिला चीक वासराचा.

याच जुन्या कोड्याने माणसांचाही एक मोठा प्रश्न सोडविला. आई आणि पोटातले मूल यांच्या रक्ताचा आर-एच गट जुळला नाही, तर पुढच्या खेपेला आईचे शरीर मुलाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे करी आणि मूल दगावे. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा व जॉन गॉर्मन या डॉक्टरांना थिओबाल्ड स्मिथचे १९०९ सालचे निरीक्षण वाचून विचार सुचला : आईला ती प्रतिपिंडे आधीच बाहेरून दिली, तर तिचे शरीर स्वतः करणार नाही. सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांनी स्वयंसेवक होऊन स्वतःच्या अंगावर त्याची परीक्षा करू दिली. इंग्लंडात लिव्हरपूल येथेही असेच प्रयत्न झाले. १९६८ पासून ते इंजेक्शन वापरात आले आणि त्याने असंख्य मुले वाचविली. हे नेमके कोणत्या वाटेने घडते, यावर अजून वाद आहे. लगामाचा ग्राही हीच एकमेव वाट नव्हे. परंतु जी बाळे वाचली, त्यांना या वादाची प्रतीक्षा करावी लागली नाही. कैद्यांची नावे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

आणि बुळकांडी? मुक्तेश्वरला एडवर्ड्स याने १९२० नंतरच्या दशकात बोकडांच्या अंगातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केलेला विषाणू लशीसाठी वापरला. पुढे पूर्व आफ्रिकेत वॉल्टर प्लाउराइट याने पेशींच्या संवर्धनावर आणखी सुरक्षित लस तयार केली. वासरांच्या बाबतीत आईच्या प्रतिपिंडांची हीच अडचण होती. म्हणून दरवर्षी नव्या वासरांसाठी टोचणीवाले पुन्हा पुन्हा गावोगाव गेले. भारतात १९९५ नंतर रोग दिसला नाही; २००६ साली देश संसर्गमुक्त ठरला; आणि २०११ साली जगातूनच बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर माणसाने पृथ्वीवरून संपूर्ण पुसून टाकलेला हा दुसरा रोग. त्यासाठी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे काम लागलेच. पण खांद्यावर बर्फाची पेटी घेऊन, उन्हातान्हात, गोठ्यागोठ्यांतून फिरलेल्या हजारो टोचणीवाल्यांचेही लागले. त्यांतले कित्येक रोजंदारीवर होते.

मंडळी, मी आपला फार वेळ घेतला. जाता जाता एकच सांगतो. शंभर वर्षांच्या या शोधातून मला जे उमगले ते इतकेच की, शरीराला चढाई करणारे जेवढे लागतात, तेवढेच थांबा म्हणणारेही लागतात; आणि थांबा म्हणणारा निरोप चुकीच्या वेळी पोचला तर जीव जातो. दोष बहुतेक वेळा सुई धरणाऱ्या हाताचा नसतो. वेळ ठरविणाऱ्याचा असतो. येथून घरी गेल्यावर ज्यांच्या गोठ्यात गाय विणार असेल, त्यांनी खरवसाचे भांडे घेण्याआधी वासराला कासेला लावावे. पहिल्या दोन तासांत, पोटभर. उरले तर मग आपण आहोतच.